हिंवाळ्यांतील शेतकाम व बोटांची ऊब

मार्गशीर्ष लागला कीं आमच्या गोदाकांठच्या पट्ट्यांत थंडी पडूं लागते, आणि पौषांत ती अशी कडक होते कीं पहाटे विळ्याची मूठ हातांत आहे कीं नाहीं हें डोळ्यांनीं पाहून ठरवावें लागतें. गव्हाला ही थंडी मानवते, हरभऱ्यासही मानवते, म्हणून आपण तिचें स्वागत करतों. परंतु ज्या हातांनीं हीं पिकें उभीं केलीं त्या हातांस ती मानवते काय, हा प्रश्न आपल्या लेखांतून फारसा कोणी घेतलेला आमच्या पाहण्यांत नाहीं. रोपाच्या मुळाशीं किती उष्णता असावी हें आपण आवडीनें वाचतों. तें रोप लावणाऱ्या बोटांत किती उष्णता असावी हें मात्र विचारीत नाहीं. प्रस्तुत लेख त्याविषयीं आहे.

आम्ही महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालों आणि निफाड तालुक्यांतील वडिलोपार्जित चार एकर जमीन स्वतः पाहूं लागलों. आम्ही डॉक्टर नव्हे, हें आरंभींच सांगतों. या विषयाकडे आम्ही वळलों तें एका चुकीमुळें, आणि ती चूक आमचीच होती.

तीन वर्षांपूर्वींच्या पौषांत आमच्या वाटेकऱ्याचा मुलगा पहाटे गुरांसाठीं कडबा कापावयास येत असे. त्याचीं बोटें थंडीनें निळसर झालेलीं पाहून आम्हांस कींव आली, व पुढच्या बाजाराच्या दिवशीं आम्हीं त्याच्याकरितां जाड लोकरीचे हातमोजे विकत आणिले. तिसऱ्या दिवशीं पहाटे कडबाकुट्टींत पेंढी लोटतांना मोज्याची लोकर आंतल्या दांतेरी रुळांत अडकली. उघड्या बोटास रुळाचा पहिला स्पर्श लागलीच कळला असता व हात मागें आला असता. जाड मोज्यांतून तो कळला नाहीं. आणि कळला तेव्हां मोजा सुटेना. त्याच्या आईनें धांवत जाऊन बटण बंद केलें म्हणून हात वांचला, पण उजव्या हाताचीं दोन बोटें पहिल्या पेरापासून गेलीं. मुलाचा बाप आम्हांस एक शब्दही बोलला नाहीं. "अण्णा, तुम्हीं चांगल्यासाठींच दिले होते," एवढेंच त्याची आई म्हणाली. तें वाक्य अद्यापि आमच्या मनांतून जात नाहीं.

त्यानंतर आम्हीं डॉक्टरांस विचारलें, मिळेल तें वाचलें, आणि स्वतःच्या व मजुरांच्या हातांवर दोन हिंवाळे अनुभव घेतला. त्यांतून निघालेली गोष्ट एका वाक्यांत सांगतां येते: बोटें झांकून बोटें ऊबदार होत नाहींत, अंग व मनगट ऊबदार असलें, हात कोरडे असले, तर बोटें उघडीं ठेवूनही कामापुरतीं चालतात. हें असें कां, आणि प्रत्यक्ष कामांत तें कसें साधावें, तें आतां क्रमानें पाहूं.

थंडी किती व धोका कसला?

निफाड तालुका महाराष्ट्रांतील अतिथंड प्रदेशांत मोजला जातो. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस येथील पारा २ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरला होता व द्राक्षबागांतून रात्रभर शेकोट्या पेटवाव्या लागल्या होत्या, हें पुष्कळ वाचकांस आठवत असेल. तथापि हिमालयांत सैनिकांचीं बोटें गोठून झडतात तसा प्रकार आपल्याकडे होत नाहीं. कारण कातडी गोठण्यास हवा शून्य अंशाखालीं बराच वेळ असावी लागते. आपल्याकडील धोका निराळा आहे. येथें बोट गोठत नाहीं, तें बधिर होतें. बधिर बोटास विळ्याची धार कळत नाहीं, विस्तवाचा चटका कळत नाहीं, विजेची पहिली झिणझिणी कळत नाहीं. थंडी स्वतः बोट कापीत नाहीं. ती बोटाचा पहारेकरी झोपवते आणि मग दुसरेंच कांहीं तरी बोट कापतें.

बोटें बधिर कां होतात?

आपल्या शरीराच्या गाभ्याची उष्णता सुमारे ३७ अंश असते. हृदय, फुप्फुसें व मेंदु यांचें काम त्या उष्णतेवर चालतें. बाहेर थंडी पडली कीं शरीर काटकसर करूं लागतें. दुष्काळांत घरचा कर्ता जसा आधीं बियाण्याची कणगी लिंपून घेतो व मग इतर खर्चाकडे पाहतो, तसें शरीर हातापायांकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या आंखडून घेतें आणि रक्त गाभ्याकडे राखून ठेवतें. बोटांस स्वतःची उष्णता फार थोडी; त्यांना ऊब मिळते ती रक्तानें. रक्त कमी झालें कीं बोट लांकडासारखें थंड होऊं लागतें. शिवाय बोट बारीक व लांबट असल्यामुळें त्याच्या आकारमानाच्या मानानें उघडी कातडी पुष्कळ असते. म्हणून तें लवकर निवतें.

तज्ज्ञांनीं याची मोजमापें घेतलेलीं आहेत. बोटांच्या कातडीची उष्णता २० अंशांच्या खालीं आली कीं त्रास वाटूं लागतो. १५ अंशांच्या सुमारास बोटांचें कसब मंदावतें, म्हणजे गांठ मारणें, बारीक रोप चिमटींत धरणें अवघड होतें. आणि ८ अंशांच्या आसपास स्पर्शज्ञान जवळजवळ नाहींसें होतें. हे अंश हवेचे नव्हेत, कातडीचे आहेत, हें लक्षांत ठेवावें. हवा ५ अंश असतांही ज्याचें अंग उबदार आहे त्याचीं बोटें २० अंशांवर राहूं शकतात.

आतां एक गोष्ट अशी कीं ती पुष्कळांस ठाऊक नसते. वाचकांनीं उजव्या हाताचें कोपराखालील मांस डाव्या हातानें धरावें आणि उजव्या हाताचीं बोटें उघडझांप करून पाहावीं. मुठींत धरलेलें मांस हालतांना स्पष्ट कळेल. याचा अर्थ असा कीं बोटें हालविणारे मुख्य स्नायु बोटांत नाहींतच. बोटांत केवळ हाडें, सांधे व दोऱ्यांसारखे बंध आहेत. हे दोर मनगटांतून वर जाऊन कोपराखालच्या स्नायूंस जोडलेले आहेत. मोटेचा नाडा विहिरींत असला तरी ओढणारे बैल धांवेवर असतात, तसाच हा प्रकार. बैल गारठले तर नाडा चांगला असून काय उपयोग? आपण बोटांवर कापड गुंडाळतों आणि मनगटापासून कोपरापर्यंतचा हात उघडा टाकतों, तेव्हां आपण नाडा झांकून बैल थंडींत उभे करतों. शिवाय मनगटाच्या आंतल्या बाजूस बोटांकडे जाणाऱ्या रक्ताच्या वाहिन्या कातडीच्या अगदीं जवळून जातात, ज्यांवर वैद्य नाडी पाहतात. तेथें थंडी लागली कीं बोटांकडे जाणारें रक्त वाटेंतच निवतें.

थंडीनें सांध्यांतील वंगणही घट्ट होतें, व तेलाचा डबा गारठला असतां तेल जसें मंद वाहतें तसा बोटांचा सांधा मंद चालतो.

आणखी एक नैसर्गिक व्यवस्था सांगण्यासारखी आहे. इंग्लंडांतील थॉमस लुईस या वैद्यानें १९३० मध्यें दाखवून दिलें कीं बोट बर्फाच्या पाण्यांत बुडवून ठेवलें असतां पांच-दहा मिनिटांनीं आंखडलेल्या रक्तवाहिन्या थोड्या वेळ आपोआप उघडतात, बोट गरम होतें, व पुन्हां आंखडतें. अशी भरती-ओहोटी चालूं राहते. रोज थंड पाण्यांत काम करणाऱ्यांमध्यें ही भरती लवकर व जोरानें येते. "आमच्या बायकांस संवय आहे" असें आपण म्हणतों त्यांत एवढें तथ्य आहे. परंतु ज्याचें अंगच गारठलेलें किंवा पोट रिकामें आहे त्यास ही भरती फार कमी येते. म्हणून संवयीवर भिस्त ठेवून कोणास उपाशीं व पातळ वस्त्रानिशीं पाण्यांत उतरविणें हा न्याय नव्हे.

पाणी, वारा व लोखंड

कोरड्या हवेपेक्षां पाणी अंगांतील उष्णता सुमारें २० ते २५ पट वेगानें ओढून घेतें. म्हणून १० अंशांच्या हवेंत जो हात तासभर चालतो तोच १० अंशांच्या चिखलांत कांहीं मिनिटांत बधिर होतो. ओला हात वाऱ्यावर धरला तर त्यावरील पाणी उडून जातांना आणखी उष्णता नेतें. माठांतील पाणी थंड होतें तें याच कारणानें. लोखंडही उष्णता झपाट्यानें ओढतें. लांकूड ओढीत नाहीं. पहारेची उघडी लोखंडी दांडी व कुऱ्हाडीचा लांकडी दांडा पहाटे एकाच हवेंत ठेवलेले असतात, तरी दांडी बर्फासारखी लागते ती यामुळें.

यावरून शत्रु कोण तें स्पष्ट होतें. पहिला ओलावा, दुसरा वारा, तिसरें लोखंड, आणि चौथें गारठलेलें अंग. निव्वळ थंड हवा त्यांच्या मागून येते.

उपाय

(१) *आधीं धड, मग हात.* बोटें गार पडलीं तर कानटोपी घालावी, हें वाक्य प्रथम विनोदी वाटेल, परंतु तें खरें आहे. गाभा उबदार असल्याची खात्री पटली कीं शरीर आपण होऊन हातांकडील रक्त मोकळें करतें. कॅनडांतील संशोधकांनीं गोठणाऱ्या थंडींत माणसांच्या केवळ धडास ऊब देऊन त्यांचीं उघडीं बोटें कामालायक राखून दाखविलीं आहेत. आपण त्याचा साधा अर्थ घ्यावा: छातीवर बिनबाह्यांचा लोकरी स्वेटर, डोक्यास व कानांस कापड, पायांत कोरडें पायताण. घोंगडीची खोळ पाठीवर घेऊन काम करणारे आपले वाडवडील हेंच करीत असत. त्याचबरोबर पोटांत कांहीं तरी पडलेलें असावें. ऊब अन्नाच्या ज्वलनानेंच निर्माण होते. चहाच्या कपावर पहाटेचें काम काढणाऱ्याचे हात भाकरी खाऊन निघालेल्याच्या आधीं गार पडतात.

(२) *मनगटाची नळी.* हा आमचा सर्वांत स्वस्त व सर्वांत उपयोगी उपाय. जुन्या लोकरी पायमोज्याचें पाऊल कापून टाकावें. वरची नळी राहील तींत एका बाजूस अंगठ्यापुरतें छिद्र करावें व कडा दोऱ्यानें शिवून घ्याव्या. ही नळी हातांत घातली म्हणजे तळहाताच्या मध्यापासून कोपराच्या खालपर्यंतचा भाग झांकला जातो, आणि बोटें व अंगठा पूर्ण मोकळे राहतात. जुन्या स्वेटरच्या बाह्यांच्याही अशा नळ्या होतात. नळी घट्ट नसावी. घट्ट नळीनें रक्त अडतें व लाभाऐवजीं हानि होते. दोन बोटें सहज आंत जातील इतकी ती सैल असावी. सुती कापड ओलें झालें कीं ऊब सोडतें, लोकर ओली झाली तरी थोडी धरून राहते. म्हणून शक्यतों लोकरच घ्यावी.

(३) *बोटांचीं टोकें तेवढीं उघडीं.* नळीनें भागत नसेल तर पातळ विणीचे हातमोजे घेऊन अंगठा, तर्जनी व मधलें बोट यांचीं टोकें पहिल्या पेरापर्यंत कापावीं. चिमटीचें सर्व काम हीं तीन बोटें करतात. उरलेलीं दोन झांकलेलीं राहिलीं तरी अडत नाहीं. जाड मोजा एक घालण्यापेक्षां पातळ मोजे दोन बाळगावेत: एक ओला झाला कीं काढून दुसरा कोरडा घालावा.

(४) *कोरडें फडकें.* कमरेस एक सुती फडकें खोंचलेलें असावें व पाण्यांतून हात काढला कीं तो बोटांच्या बेचक्यांसह पुसावा. ओला हात फुंकून गरम करूं नये. श्वासांतील वाफ बोटांवर जमते व उडतांना बोट अधिकच थंड करते. त्यापेक्षां हात काखेंत घालावेत.

(५) *हात फिरविणें.* बोटें बधिर होऊं लागलीं कीं ताठ उभें राहून हात सरळ ठेवावा आणि गोफण फिरवावी तसा खांद्यापासून वीस-पंचवीस वेळां वर्तुळाकार फिरवावा. रक्त वेगानें बोटांच्या टोकांकडे लोटलें जातें. आमच्याकडे कांदा लावणाऱ्या बायका आरंभीं यावर हंसल्या. आतां त्यांच्यांतील एकीनें उठून हात फिरविले कीं सगळ्या फिरवितात.

(६) *शेकोटी.* शेकोटीस बंदी नाहीं, पण तिचा क्रम उलटा असावा. पूर्ण बधिर झालेला हात एकदम जाळावर धरूं नये, कारण भाजल्याचें त्यास कळत नाहीं. प्रथम काखेंत किंवा कोमट पाण्यांत, जें कोपरास सुखाचें वाटेल अशा पाण्यांत, धरावा. जाणीव परत आली म्हणजे लांबून शेकावा. काश्मिरांतील लोक फेरणाच्या आंत निखाऱ्याची कांगडी बाळगतात. तिच्या नित्याच्या शेकानें पोट व मांड्या यांच्या कातडीवर व्रण व कर्करोग झाल्याचें तेथील डॉक्टरांनीं एकोणिसाव्या शतकापासून नोंदलेलें आहे. फाजील शेक हाही एक घावच आहे.

(७) *तंबाखू व दारू.* विडी, तंबाखू, मिश्री, तपकीर या सर्वांतील निकोटिन बोटांच्या रक्तवाहिन्या आंखडतें. थंडींत विडी ओढून हात गरम होतात ही समजूत चुकीची आहे. हात गरम होतो तो काडीच्या जाळानें. दारूनें अंग तापल्यासारखें वाटतें, तें गाभ्यांतील ऊब कातडीवर येऊन बाहेर जाते म्हणून. म्हणजे कणगी फोडून केलेली ती दिवाळी होय.

(८) *भेगा.* रात्रीं हात धुवून, पुसून त्यांस तिळाचें किंवा खोबऱ्याचें तेल चोळावें. तेलानें ऊब येत नाहीं, पण कातडी फाटत नाहीं. फाटलेल्या कातडींतून जंतु व औषधें दोन्ही आंत शिरतात.

कामपरत्वें विचार

*कांद्याची लावणी.* उन्हाळ कांद्याची लावणी नेमकी डिसेंबर-जानेवारींत येते. दोन ओळींत १५ व दोन रोपांत १० सेंटिमीटर अंतर धरलें तर, वरंबे-पाट वजा जातां, एकरीं अडीच लाखांच्या घरांत रोपें बसतात. कारकुनी संवयीनें आम्हीं हा आंकडा मांडला तेव्हां आम्हीच चकित झालों. अडीच लाख वेळां कोणाचा तरी अंगठा थंड चिखलांत रोंवला जातो, तेव्हां आपला एक एकर कांदा उभा राहतो.

येथें विहिरीच्या पाण्याचा एक गुण कामास येतो. जमिनीच्या पोटांतील पाणी वर्षभर बहुतेक एकाच उष्णतेचें असतें. म्हणून पहाटे विहिरींतून ताजें उपसलेलें पाणी कोमट लागतें व त्यांतून वाफ निघतांना दिसते. तेंच पाणी रात्रीं वाफ्यांत सोडून ठेवलें तर उघड्या आकाशाखालीं तें पहाटेपर्यंत गारठून जातें. म्हणून लावणीचा वाफा रात्रीं भरून ठेवूं नये. बायका वाफ्यांत बसण्याच्या वेळींच ताजें पाणी सोडावें. आणि लावणीस उन्हें वर आल्यावर आरंभ करावा. पहाटेचा वेळ रोप उपटणें, मुळ्या झटकणें, जुड्या बांधणें अशा कोरड्या कामांत घालवावा.

यावर कोणी म्हणेल कीं काम उक्तें दिलेलें असतें, बायका आपण होऊन अंधारांत येतात, त्यांत मालकाचा काय दोष? आम्हीही असेंच म्हणत होतों. पण उक्तें दिलें म्हणजे मजुरीचा हिशेब मिटला. माणसाचा हिशेब मिटत नाहीं. शिवाय यांत मालकाचेंही हित आहे. बधिर बोटांनीं लावलेल्या रोपाची मुळी वर वळते, मान मोडते किंवा रोप फाजील खोल जातें, आणि पुढें नांग्या भरण्याचा खर्च येतो. आमच्या शेतांत उन्हें आल्यावर लावलेल्या वाफ्यांत नांग्या पहाटेच्या वाफ्यांहून उघड उघड कमी दिसल्या, आणि दोन तास उशिरा आरंभ करूनही टोळीचें काम फारसें मागें पडलें नाहीं. कारण थांबून हात चोळण्यांत जाणारा वेळ वांचला.

*द्राक्षांची विरळणी.* येथें पाणी नाहीं, पण कात्री लोखंडी असते. कात्रीच्या मुठींवर सुती दोरा किंवा जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळावा. मनगटाच्या नळ्या या कामास सर्वोत्तम. हात सतत वर उचललेला असल्यामुळें बोटांत रक्त आधींच कमी चढतें, म्हणून मधून मधून हात खालीं सोडून झटकावेत.

*दूध काढणें.* थंडगार हात सडास लागला कीं गाय चमकते व पान्हा चोरते. कांस कोमट पाण्यानें धुवावी, त्याच पाण्यानें आपलेही हात ऊन करून घ्यावेत, आणि मग कांस व हात दोन्ही कोरड्या फडक्यानें पुसून दूध काढावें. या कामांत हातमोज्याचें कारण नाहीं. मनगटाची नळी कोपराकडे थोडी वर सारली म्हणजे पुरे.

*रात्रीचें पाणी भरणें.* कृषिपंपांस वर्षानुवर्षें आळीपाळीनें दिवसां व रात्रीं वीज मिळत आली. दिवसां वीज मिळावी म्हणून राज्य सरकारनें २०१७ मध्यें मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू केली; परंतु जेथें तिचा लाभ पोहोंचलेला नाहीं तेथें पौषाच्या रात्रीं दारें धरणें चुकत नाहीं. या कामांतील खरा धोका चिखलाचा नसून स्टार्टरच्या पेटीचा आहे. ओला व बधिर हात पेटीस लावणें म्हणजे दोन संकटें एकत्र करणें होय. पेटीजवळ खिळ्यास एक कोरडें फडकें कायमचें टांगलेलें असावें, उभें राहण्यास कोरडी फळी असावी, आणि हात पुसून बोटें मोकळीं झाल्याशिवाय बटणास स्पर्श करूं नये. पेटीची अर्थिंग दरवर्षीं दिवाळीपूर्वीं तपासून घ्यावी.

*फवारणी.* येथें मात्र नियम उलटा आहे. औषध कालवितांना व फवारतांना बोटें कापलेले किंवा लोकरीचे मोजे कदापि वापरूं नयेत. लोकर औषध शोषून तें कातडीशीं धरून ठेवते. रबराचे किंवा नायट्राइलचे अखंड मोजे घालावेत, व थंडी असेल तर त्यांच्या आंत पातळ सुती मोजा घालावा.

*फिरतें यंत्र.* कडबाकुट्टी, मळणीयंत्र, पट्ट्यावर चालणारें कोणतेंही यंत्र यांपाशीं हातमोजा, नळी, सैल बाही, मफलर, बांगड्या, पदर यांपैकीं कांहींही लोंबतें किंवा अडकेल असें असूं नये. मळणीयंत्रांवर हात तुटण्याचे प्रकार देशांत इतके वाढले होते कीं त्यासाठीं संसदेस १९८३ मध्यें धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा स्वतंत्र कायदा करावा लागला. परंतु कायदा पहाटे पांच वाजतां गोठ्यांत हजर नसतो. तेथें आपणच असतों. कडबा थंडींत पहाटे कापूं नये, आदल्या दिवशीं दुपारीं कापून ठेवावा. गुरांस त्यानें कांहीं उणें पडत नाहीं. हा साधा बदल आम्हीं तीन वर्षांपूर्वीं केला असता तर हा लेख लिहिण्याचें कारणच पडलें नसतें.

डॉक्टरांकडे केव्हां जावें?

कांहीं माणसांचीं, विशेषतः स्त्रियांचीं, बोटें थोड्याशा थंडीनेंही प्रथम पांढरीं फटक, मग निळीं व ऊब मिळाल्यावर लालबुंद होतात. फ्रान्समधील मॉरिस रेनॉ या वैद्यानें १८६२ मध्यें या विकाराचें वर्णन केलें व तो त्याच्याच नांवानें ओळखला जातो. हा संवयीचा किंवा आळसाचा प्रश्न नव्हे. अशा बाईस "तुझेंच काय तें नाजूक" असें म्हणून पाण्यांत बसविणें हें क्रौर्य आहे. तिला कोरडें काम द्यावें व डॉक्टरांस दाखवावें. तसेंच बोटांवर खाजरे, लालजांभळे फुगवटे आले, बोटाच्या टोकास न भरणारी जखम झाली, किंवा हात तासभर ऊबेंत ठेवूनही बधिरपणा गेला नाहीं, तर घरगुती उपायांत दिवस घालवूं नयेत. मधुमेही माणसानें विशेष जपावें. त्याच्या बोटांची जाणीव आधींच कमी झालेली असूं शकते.

समारोप

सांगितलेल्या उपायांस खर्च जवळजवळ नाहीं. जुने मोजे, सुती फडकीं, दोन तासांचा धीर व थोडी दृष्टि, एवढेंच लागतें. आपण बैलाच्या खांद्यास गांठ आली तर जुवाखालीं कापड घालतों, द्राक्षाच्या घडास थंडी बाधूं नये म्हणून रात्रभर जागतों. मग ज्या हातांवर हें सर्व चालतें त्यांचा विचार सर्वांच्या शेवटीं कां यावा? वाचक बंधूंनीं या हिंवाळ्यांत लावणीस टोळी बोलावण्यापूर्वीं घरांत जुन्या मोज्यांचा शोध घ्यावा व तितक्या नळ्या शिवून ठेवाव्यात, एवढी विनंति आहे.

आमच्या वाटेकऱ्याचा तो मुलगा आतां डाव्या हातानें चिमटी धरावयास शिकला आहे. उरलेल्या बोटांस थंडी अधिक बाधते, म्हणून तो नोव्हेंबरपासूनच नळी घालतो. आमच्या गोठ्यांतील कडबाकुट्टीजवळच्या खांबास त्यानेंच एक मोठा खिळा ठोकला आहे. यंत्राचें बटण दाबण्यापूर्वीं हातांत जें कांहीं असेल, नळी, मोजा, कडें, घड्याळ, तें त्या खिळ्यास अडकवावयाचें, असा त्यानें घातलेला नियम आहे; आणि आम्ही गोठ्यांत गेलों तर तो प्रथम आमच्या हातांकडे पाहतो.